विजया मॅडमचा स्टॉप

रिग्गई, कुवेत
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

आपा,

सलाम. आणि मी काही ऊठसूट ओरडत नाही. अम्मीला तू असं सांगितलंस ते आधी मागे घे. ओरडलो कारण तू ऐकत नव्हतीस. आता तर तू ऐकणंच बंद केलंस. आठवडाभर व्हॉइस मेसेज पाठवतोय. पोचतात, पण माइकची खूण काही निळी होत नाही. म्हणजे कान लावलेला नाही. एवढं नववीपर्यंत शिकलेल्यालाही कळतं.

म्हणून कागद घेतला. नौमान रविवारी सुट्टीवर निघतोय. म्हसळ्याचा नौमान, माझ्या खोलीतला, वरच्या पलंगावरचा. मुंबईत उतरला की गावी जायच्या आधी तुझ्या हॉस्टेलवर येईल आणि हे तुझ्या हातात देईल. फाडायचं असलं तर फाड, पण त्याच्यासमोर नको, परत आल्यावर खोलीभर सांगत सुटेल. त्याला चहा पाज. तुमच्या त्या झाडाखालच्या दवाखान्यात बसवून त्याचं बीपी मोजू नको. त्याला काही झालेलं नाही, फक्त खातो जास्त.

माझी तब्येत बरी आहे. काम चालू आहे. सप्टेंबर अर्धा गेला तरी इथे भट्टी पेटलेलीच आहे. बाकी खुशाल.

आता तुझं. पुढच्या गुरुवारपर्यंत संपाबद्दलच्या माफीनाम्यावर सही केली नाही तर हॉस्पिटल तुझं नाव कोर्समधून काढणार. तीनातली दोन वर्षं पाण्यात. हे मला तू सांगितलं नाहीस. तुमच्या संघटनेच्या बातमीपत्रात वाचलं, ते पण नौमानच्या फोनवर, कारण मला तू त्या ग्रुपातून काढून टाकलंस. घरात कोण मेलं कोण जगलं हे आता आपल्याला बातमीपत्रातून कळायचं का?

मी एवढंच म्हणालो की सही कर आणि मोकळी हो. काय वाईट सांगितलं? कागदच आहे. "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे" लिहायचं, खाली नाव टाकायचं, दुसऱ्या दिवशी वॉर्डात. अल्लाला माहीत असतं मनातून कोण दिलगीर आहे आणि कोण नाही. त्यावर तू काय म्हणालीस आठवतं का? "फैजान, तू गाडी चालवतोस. कुणी म्हणेल तिकडे वळवतोस. हे तुला नाही कळायचं."

अम्मी होती कॉलवर. तिचं तोंड मला दिसत होतं त्या छोट्या चौकोनात.

गाडी चालवतो, हो. अब्बा गेल्यापासून घर त्याच गाडीवर चाललंय. मी तुझ्यासाठी शाळा सोडली असं काही मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मला त्या बाकावर बसवत नव्हतं म्हणून सोडली. तुझ्यावर त्याचं ओझं नाही. पण वळवतोस म्हणालीस, ते मला लागलं. लिहून ठेवतो म्हणजे नंतर म्हणायला नको की फैजान मनात ठेवतो.

आणि संप करायचा तर नीट करावा माणसाने. पगार नाही म्हणून ओपीडी बंद केलीत. ठीक. मग बाहेर फाटकाजवळ झाडाखाली टेबल मांडून तीच ओपीडी फुकट? हा कुठला संप? आमच्या शेजारच्या साइटवर बंगाली मजुरांनी पगारासाठी काम बंद केलं तेव्हा ते खोलीत झोपून राहिले. समोरच्या साइटवर जाऊन फुकट विटा नाही रचल्या कुणी. नौमानला मी तुमच्या टेबलाचा फोटो दाखवला. तो म्हणतो, "तुझी बहीण संपावर आहे का पुण्य कमवायला बसली आहे?" 

त्याच फोटोत तो नीरज की कोण, तुझ्या बाजूला माइक धरून. तुमचा अध्यक्ष असेल, चांगला मुलगा असेल. मला काही म्हणायचं नाही. पण तो फोटो आपल्या बाणकोटच्या ग्रुपवर फिरला आणि खाली कुणीकुणी काय लिहिलं ते अम्मीला वाचून दाखवायला शेजारची हिना तयारच होती. मोठी डॉक्टर झाल्यावर दहा लोक सलाम करतील, पण आज तू पुरती डॉक्टर नाहीस आणि घरची मुलगी पण राहिली नाहीस. मधल्यामध्ये लटकली आहेस. ते निस्तरतो कोण? इथून मी.

आणि एवढं सगळं कशासाठी? फॅमिली डॉक्टर व्हायला! हृदयाची होणार असतीस, मेंदूची होणार असतीस, तर मी म्हटलं असतं, बस आपा, झाडाखाली बस, जेलात जा. इथे प्रत्येक कोपऱ्यावर बकाला असतो, म्हणजे आपलं किराण्याचं दुकान. सुईपासून दह्यापर्यंत सगळं थोडं थोडं मिळतं, आणि दुकानदार जन्मभर त्याच स्टुलावर. तू बकाला उघडायला निघाली आहेस. गावात लोक विचारतात, परकारांची आफिया कसली डॉक्टर होणार? सगळ्याची थोडी थोडी, असं सांगू? मी तर इथे सगळ्यांना हृदयाची म्हणून सांगून बसलोय. आता सांगून झालं, बदलता येत नाही.

याच्यापेक्षा मोठं भांडण वेगळंच आहे आणि ते मी फोनवर काढलं नाही. तू अब्बांना त्या बातमीपत्रात का घातलंस?

नाव नाही लिहिलंस, "कोकणातले एक वृद्ध रुग्ण" लिहिलंस. पण मी ओळखणार नाही का? एका डॉक्टरने हृदय बघितलं, एकाने किडनी, एकाने गुडघे, एकाने साखर. चौघांनी आपापल्या गोळ्या दिल्या. एकाची गोळी दुसऱ्याच्या गोळीशी भांडते हे बघायला कुणी नव्हतं. "चार अवयवांवर उपचार झाले, माणूस मधून निसटला." असं लिहिलंस. छान लिहिलंस. हजार डॉक्टरांनी वाचलं असेल. त्या गोळ्यांची पिशवी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात अब्बांना मी नेत होतो, आपा. तू कॉलेजात होतीस. ती पिशवी माझी होती, तुझी नव्हती. मला विचारायचं होतंस.

नौमान जेवायला हाक मारतोय. भात गार झाला की शिव्या देतो. उरलेलं उद्या.

शनिवार, २० सप्टेंबर

काल लिहिलं नाही. सुट्टी होती, नौमानची बॅग भरायला मदत केली. आता वरचं वाचून बघितलं. जरा जास्त झालंय, पण खोडत नाही.

तुला पटावं म्हणून इथलं एक उदाहरण सांगतो. तुमच्या त्या फॅमिली डॉक्टरांचं काय होतं ते बघ आणि मग ठरव.

आमचं क्लिनिक जहऱ्याला आहे हे तुला माहीत आहे. डॉक्टर, नर्स, लॅबवाले सगळे रिग्गईत राहतात. कंपनीची गाडी सकाळी त्यांना एकेका इमारतीखालून उचलते आणि जहऱ्याला नेते, शिफ्ट सुटली की परत. तिथे विजया मॅडम म्हणून एक डॉक्टर आहेत. होत्या. मिरजेच्या, पन्नाशीच्या. तुझ्यासारख्याच, सगळ्याच्या थोड्या थोड्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायच्या आणि चढल्या चढल्या बोलायला लागायच्या.

"फैजान, काल जेवलास काय?"

"जेवलो मॅडम."

"काय जेवलास विचारलं. जेवलास का नाही ते तोंडावर दिसतंय."

असं चालायचं त्यांचं. पेशंटशीही तसंच. बाकीच्या डॉक्टरांच्या खोलीतून पेशंट पटापट बाहेर यायचे. हिच्या दाराशी रांग. मजूर माणूस डोकं दुखतंय म्हणून आला की ही विचारत बसणार, कुठे झोपतोस, पाणी किती पितोस, गावी कोण आजारी आहे का, गेल्या महिन्यात घरी पैसे पोचले का. मला वाटायचं ही बाई चौकशी अधिकारी आहे का डॉक्टर.

आता क्लिनिकचा हिशेब वेगळा. मॅनेजरला इथे मुदीर म्हणतात. आमच्या मुदीरचा नियम असा की पेशंट डॉक्टरच्या दारातून निघाला की सरळ घरी जाता कामा नये. आधी लॅब, मग एक्स-रे, मग औषधाची खिडकी. ज्या डॉक्टरच्या दारातून लोक थेट रस्त्यावर जातात तो डॉक्टर कंपनीला परवडत नाही. विजया मॅडमच्या दारातून लोक हसत हसत रस्त्यावर जायचे. एकदा मुदीर सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाला, "डॉक्टर, आप लोगों को बिना दवा के भेज देती हैं?"

मॅडम म्हणाल्या, "जिसको दवा चाहिए उसको देती हूँ. इसको नींद चाहिए थी. आप नींद बेचते हैं क्या?"

सगळे हसले. मुदीर पण हसला. तेव्हाच मला कळलं की आता मॅडमचं काही खरं नाही.

इथे डॉक्टरला काढतात कसं माहीत आहे? आधी ड्रायव्हरला सांगतात. कागद वगैरे नंतर. आदल्या दिवशी मुदीर गाडीजवळ येतो आणि म्हणतो, उद्यापासून अमक्याचा स्टॉप नाही. बस. दुसऱ्या दिवशी तो माणूस डबा घेऊन इमारतीखाली उभा राहतो, गाडी समोरून निघून जाते, आणि मग त्याला कळतं. भांडण नाही, आवाज नाही, क्लिनिकच्या दारात तमाशा नाही. टॅक्सी करून तो आला तरी तोवर गार्डला सांगून ठेवलेलं असतं. जुने ड्रायव्हर नवीन ड्रायव्हरला पहिली गोष्ट हीच शिकवतात, की अशा वेळी आरशात बघायचं नाही.

तर गेल्या सोमवारी मुदीर आला आणि म्हणाला, "कल से विजया डॉक्टर का स्टॉप नहीं."

मंगळवारी सकाळी मॅडम नेहमीच्या जागी उभ्या. बकाल्यासमोर, छत्री उघडून, कारण आठ वाजायच्या आतच ऊन चटके देतं. गाडीत नर्स, लॅबवाले, सगळे बसलेले. आणि त्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. सांगितलेलं असून थांबवली. दार उघडलं. मॅडम चढल्या, म्हणाल्या, "आज लवकर आलास, सूर्य कुठून उगवला?" गाडीतले लोक खिडकीबाहेर बघू लागले. अर्ध्यांना कळलं होतं.

आता सांग, असा ड्रायव्हर मूर्ख का नाही? त्याच्या थांबवण्याने मॅडमची नोकरी वाचली का? नाही. जहऱ्याला दारातच गार्डने अडवलं. मॅडमना वाटलं त्यांचं कार्ड चालत नाही. नवीन पोरगा होता गार्ड, तोच लाजला. आत बसलेल्या पेशंटांनी बघितलं. एक पठाण टॅक्सीवाला उठला आणि ओरडायला लागला, आमची डॉक्टर आहे, आत सोडा. हां, मग झाला तमाशा. जो गाडी न थांबवल्याने होणार नव्हता तो झाला. मॅडम रिसेप्शनच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, मला काढलंय तर माझ्या पेशंटांच्या समोर तोंडाने सांगा. शेवटी मुदीरला बाहेर येऊन सांगावं लागलं. तोंडाने. सगळ्यांसमोर. मॅडमनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "शुक्रिया," आणि मग जे तीन-चार लोक त्यांच्यासाठी बसले होते त्यांना तिथेच खुर्चीत बसून दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगितलं. मग निघाल्या.

तो ड्रायव्हर मी. तुला कळलंच असेल, गाडी दुसरं कोण चालवतं.

वर काम चालू आहे म्हणून लिहिलं ते खोटं नाही. काम चालू आहे. गाडी नाही.

आता तू म्हणशील, फैजान, तू का थांबलास? तुला वाटेल तुझ्या बोलण्यामुळे. "कुणी म्हणेल तिकडे वळवतोस" ते. नाही. तसं डोक्यात घेऊ नको. ते आठवलं नाही असंही म्हणत नाही, पण कारण ते नव्हतं.

कारण असं की आदल्या आठवड्यात, जहरा रोडवर, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना मॅडमनी फोनवरून मागच्या नर्सला काहीतरी मराठीत वाचून दाखवलं. फॅमिली डॉक्टरांचं बातमीपत्र म्हणाल्या, मुंबईच्या पोरांनी काढलेलं, त्यांच्या मिरजेच्या मैत्रिणीने पाठवलं. संपाच्या बातम्या वाचल्या. किती महिने पगार नाही, तालुक्याच्या दवाखान्यात फॅमिली डॉक्टरची जागाच मंजूर नाही, शिकाऊ पोरांना शिकवायचं सोडून कॅज्युअल्टीत राबवतात, सगळं. आणि मग म्हणाल्या, "हे ऐक गं." आणि अब्बांचं वाचलं.

मी गाडी चालवत होतो, आपा. कुवेतमध्ये, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि एक परकी बाई अब्बांच्या गोळ्यांबद्दल मोठ्याने वाचतेय. माणूस मधून निसटला, ते तिने दोनदा वाचलं. नर्स रडली. मी आरसा सरळ करत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "कोण आफिया परकार आहे. ओळखत नाही, पण या पोरीला कुणी गप्प करायला नको. आम्ही असं लिहिलं नाही म्हणून तर आमचं हे असं झालं."

मला तिथे सगळे फैजान एवढंच म्हणतात, आडनाव कुणाला ठाऊक. मी बोललो नाही की ती माझी आपा आहे. बोलायला पाहिजे होतं. पण मग मॅडम म्हणाल्या असत्या, अरे, तू तर बहीण हृदयाची होतेय म्हणून सांगितलंस. आणि खरं सांगू? तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं मला माहीत नव्हतं. जहऱ्याचं वळण सुटलं. पुढून यू-टर्न मारून आलो. उशीर झाला, त्याची बोलणी खाल्ली.

आता तिला त्या उन्हात छत्री घेऊन उभी बघून समोरून गाडी न्यायची होती. झालं नाही माझ्याच्याने. पाय ब्रेकवर गेला. यात तत्त्व वगैरे काही नाही. तुमच्या बातमीपत्रात घालू नको.

दुपारी मुदीरने बोलावलं. तसा वाईट माणूस नाही तो, त्याच्याही वर कोणी बसलंय. विचारलं, "किसने लाया उसको?" मी म्हटलं, मैंने. "बोला था ना?" मी म्हटलं, "बोला था. स्टॉप पे खड़ी थी, उठा लिया. बस वाला और क्या करेगा?"

त्याने एक कागद काढला. वर अरबी, खाली इंग्रजी. म्हणाला, यात लिहिलंय की सूचना मला समजली नाही, चूक झाली, माफी मागतो, पुन्हा होणार नाही. एवढं कर, गाडी तुझीच. संध्याकाळी चावी घेऊन जा. आपा, अल्लाची कसम, मी पेन शोधत होतो. तुला जे सांगितलं तेच मनात होतं, कागदच आहे, मनात कोण दिलगीर आहे ते वरच्याला माहीत.

तर त्याने शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठ्यासाठी.

मी म्हटलं, मला सही येते.

तो म्हणाला, "अरे लगा दे ना, जल्दी होगा."

मी म्हटलं, मला सही येते, आणि जे मला सांगितलं होतं ते मला नीट समजलं होतं. समजलं नाही असं मी लिहून देणार नाही. हिंदीत बोललो हे, आणि माझं हिंदी तुला माहीत आहे, ओरडल्यासारखं वाटतं. ओरडलोच असेन. मग तो पण ओरडला. मी पॅड बंद करून त्याच्या हातात दिलं आणि बाहेर आलो.

म्हणजे हे तुझ्यामुळे झालं नाही. शाईच्या पॅडमुळे झालं. पण ते लिहिताना मलाच आता वाटतंय की तुला पण त्यांनी पॅडच पुढे केलं असेल. इंग्रजीत असेल, चांगल्या कागदावर असेल, खुर्ची दिली असेल बसायला. डॉक्टरीणबाई म्हणून बोलले असतील. पण तुला नीट समजलेलं असताना समजलं नव्हतं असं लिहून दे, हेच ना?

गाडी आता दुसरा चालवतो. मला जहऱ्यालाच औषधांच्या गोदामात टाकलंय. कार्टन उतरवायचे, चढवायचे. पगार मूळ तेवढाच, वरचा सगळा गेला. काढून टाकणार नाहीत, कारण काढलं तर तिकीट द्यावं लागतं. व्हिसा संपायची वाट बघतील. पाठ दुखते. गोळी विचारू नको, तू लगेच लिहून पाठवशील. झोप हवी आहे, विजया मॅडमनी सांगितलं. हो, त्या भेटल्या काल. जायच्या आधी आम्हा दोघांना घरी बोलावलं, नौमानला आणि मला, भाकरी केली होती. तिथे मी सांगितलं. म्हटलं मॅडम, ती आफिया माझी बहीण.

मॅडमनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हृदयाची होणार होती ना रे ती?"

नौमान इतका हसला की ठसका लागला. मग मॅडम आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे पुसून आल्या होत्या. म्हणाल्या, तिला माझा नंबर दे. मी मिरजेला जाऊन दवाखाना टाकते आहे, तिला काढलं तरी शिकायला जागा आहे म्हणावं, डिग्री मी देऊ शकत नाही. नंबर शेवटी लिहिलाय.

आता गुरुवारचं. माझं आधीचं म्हणणं मी मागे घेतो असं समजू नको. मला अजूनही वाटतं की तुमचा तो टेबलाचा संप हा बावळटपणा आहे आणि त्या फोटोत तू ओढणी नीट घ्यायला पाहिजे होतीस आणि अब्बांचं मला विचारून लिहायला पाहिजे होतंस. पण सही केल्यावर काय होतं ते मी तुला सांगू शकत नाही, कारण मी केली नाही. नाही केल्यावर काय होतं ते आता सांगू शकतो. कार्टन उचलावे लागतात. लोक मूर्ख म्हणतात. आणि समोरून गाडी जाते, त्यात आपल्या जागी दुसरा बसलेला असतो, तो आरशात बघत नाही. हे सगळं होतं. तुझं याच्यापेक्षा मोठं जाईल, दोन वर्षं जातील. ते मी भरून देऊ शकणार नाही. हे मोजून घे आणि मग ठरव. मी सांगितलं म्हणून काही करू नको, सही पण नको आणि न-सही पण नको.

मला विचारशील तर, नको करू.

विचारलं नाहीस तरी तेच.

अम्मीला गोदामाचं कळू देऊ नको. तिला मी फोनवर सांगेन की गाडी दुरुस्तीला आहे. तू पण तेच सांग, आपल्या दोघांचं एकदा तरी एकच बोलणं होऊ दे. हिनाने काही वाचून दाखवलं तर अम्मीला म्हण, फैजान म्हणतो माझी आपा माइकसमोर उभी राहते, ज्याला जमेल त्याने राहावं. आणि त्या बातमीपत्रात अब्बांचं पुन्हा कधी आलं तर एक दुरुस्ती कर. त्यांना गोळ्यांची ओळख नव्हती असं लिहिलंस. होती. रंगावरून ओळखायचे सगळ्या. मला शिकवलं होतं. कुणी विचारलंच नाही त्यांना.

मॅडमचा नंबर मागच्या पानावर आहे. हे मिळाल्यावर माइकची खूण निळी कर. मी शिव्या दिल्यात त्यात, पण ऐक.

तुझा भाऊ, अजून तरी,
फैजान

ता. क. अम्मीचं या महिन्याचं मी नौमानकडून उसने घेऊन भागवलंय, तिकडे बघू नको. माझ्या पगारातलं इथलं जेवण काढून जे राहिलं ते सगळं तुझ्या खात्यात टाकलंय. मेसचं दे आणि फाटकाजवळच्या त्या टेबलावर निदान छत्री लाव. एरवी पाठवतो त्याच्या निम्मे पण नाहीत. नऊ हजार पाचशे रुपये.